अफूजन्य वेदनाशामके आणि रक्तवाहिनीजनन

अफूपासून मिळणारी किंवा तिच्यातील द्रव्यांसारखी क्रिया करणारी वेदनाशामक औषधे (उदा., मॉर्फीन, कोडीन, फेंटानिल) शरीरात नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तयार होण्याच्या क्रियेवर परिणाम करतात. या परिणामाच्या अभ्यासाचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला असून तो मुख्यतः नांदेड व लातूर या मराठवाड्यातील जिल्ह्यांच्या संदर्भात मांडला आहे. जुन्या रक्तवाहिनीच्या भित्तीतील अंतःस्तर कोशिका (वाहिनीला आतून अस्तरासारख्या लागून असणाऱ्या पेशी) विभागू लागतात, शेजारच्या ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) शिरतात, नलिकेचा आकार घेतात व अखेर त्या नलिकेतून रक्त वाहू लागते. या क्रियेला रक्तवाहिनीजनन म्हणतात. प्रौढ निरोगी शरीरात ती क्वचितच चालू असते. जखम भरून येताना, ऋतुचक्रात व गर्भारपणात ती उपकारक ठरते. कर्करोगात व डोळ्याच्या काही विकारांत तीच घातक ठरते. त्यामुळे एखादे औषध ही क्रिया वाढविते की रोखते, या प्रश्नाचे उत्तर रोगी कोण आहे व त्याला काय झाले आहे यावर चांगले किंवा वाईट ठरते.

या विषयावरील मूलभूत संशोधन मुख्यतः अमेरिकेतील प्रयोगशाळांत झाले. तथापि ज्या रोग्यांना त्याचे उत्तर हवे आहे, असे तीन प्रकारचे रोगी या दोन जिल्ह्यांत व त्यांच्या शेजारी एकत्र आढळतात : किनवट-माहूरच्या आदिवासी पट्ट्यातील सिकलसेलग्रस्त, ग्रामीण भागातील कर्करोगी स्त्रिया आणि अपघातात किंवा आपत्तीत मोठ्या जखमा झालेले लोक. वेदना हा तिघांना जोडणारा दुवा असून ती तीव्र झाली की मॉर्फीनइतके भरवशाचे औषध अजूनही थोडेच आहे.

अफूची ओळख : चरक व सुश्रुत यांच्या संहितांत अफूचा उल्लेख नाही. शार्ङ्गधरसंहितेत व नंतरच्या भावप्रकाशात ती ‘अहिफेन’ या नावाने येते. अतिसारावरील कर्पूररसासारख्या कल्पांत तिचा समावेश होतो. हैदराबाद संस्थानात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता व बर्शाशासारख्या युनानी औषधात अफू हा महत्त्वाचा घटक असतो. त्यामुळे निजामाच्या राज्यातील मराठी मुलखात वैद्य व हकीम या दोघांच्याही बटव्यात ती असे. घरगुती उपयोगही होता. रडणाऱ्या तान्ह्या मुलाला झोपविण्यासाठी अफूची बाळगोळी देण्याची चाल महाराष्ट्रात दीर्घ काळ होती. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या स्त्रिया मुलांना ती देत, याविषयी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बरीच चर्चा झाली. अफूने वेदना थांबते, जुलाब थांबतात, खोकला थांबतो व मात्रा चुकली तर श्वासही थांबतो, हे लोकांना अनुभवाने माहीत होते. रक्तवाहिन्यांशी तिचा काही संबंध असेल, ही कल्पना मात्र कोणाला असण्याचे कारण नव्हते.

माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि त्या व्यापारावर मुंबईतील अनेक पेढ्या उभ्या राहिल्या. ब्रिटिश सरकारने १८५७ व १८७८ च्या कायद्यांनी अफूची लागवड व विक्री आपल्या नियंत्रणाखाली आणली. १८९३ साली नेमलेल्या शाही आयोगाने १८९५ मध्ये अहवाल देऊन भारतातील अफूसेवनावर सरसकट बंदी घालण्याची गरज नाही असे मत दिले. सरकारच्या उत्पन्नाचा त्यात किती वाटा होता, हे लक्षात घेता या मताचे आश्चर्य वाटत नाही.

मॉर्फीन : जर्मन औषधविक्रेते फ्रीड्रिख झेर्ट्यूर्नर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतील झोप आणणारे द्रव्य वेगळे केले. १८१७ मधील त्यांच्या निबंधानंतर ‘मॉर्फीन’ हे नाव रूढ झाले. १८२७ पासून मेर्क या औषधनिर्मात्यांनी त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. अफूतून पुढे कोडीन (१८३२) व पॅपॅव्हरीन (१८४८) ही द्रव्येही मिळाली. यांपैकी पॅपॅव्हरीन वेदनाशामक नसून रक्तवाहिन्यांच्या भित्तीतील स्नायू सैल करते. अफूचा व रक्तवाहिन्यांचा संबंध प्रथम दिसला तो असा. पण तो असलेल्या वाहिन्या रुंदावण्यापुरता होता, नव्या वाहिन्या निर्माण होण्याशी त्याचा संबंध नव्हता. १८५३ मध्ये एडिंबरो येथील ॲलेक्झांडर वुड यांनी पोकळ सुईच्या पिचकारीने त्वचेखाली मॉर्फीन देण्यास आरंभ केला आणि शस्त्रक्रियेच्या व युद्धातील जखमांच्या वेदनेवर काही मिनिटांत उपाय करता येऊ लागला.

हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग : नांदेड जिल्हा व आजचा लातूर जिल्हा ज्या संस्थानात होते, त्याच्या राजधानीत वेदनाहरणाच्या इतिहासातील एक प्रसिद्ध वाद खेळला गेला. हैदराबाद वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे असे की, क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास बंद पडल्याने, हृदय बंद पडल्याने नव्हे. म्हणून शुद्धिहरण करणाऱ्याने नाडीऐवजी श्वासाकडे लक्ष ठेवावे. १८८८ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून एका समितीने हे मत उचलून धरले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने त्यावर शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ करून लंडनहून तज्ञ बोलाविला. १८८९ मध्ये टॉमस लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले आणि ब्रंटन यांनीही, येताना मनात होते ते मत सोडून, लॉरी यांच्या बाजूने कौल दिला. पुढे १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखविले की, क्लोरोफॉर्मची मात्रा हलकी असताना प्राणी उत्तेजित झाल्यास हृदयाच्या निलयांचे कंपन (अनियमित फडफड) होऊन तो तत्काळ मरतो. हैदराबादचे प्रयोग खोटे नव्हते. ते मुख्यतः भारी मात्रेचे होते. एकाच द्रव्याबाबत परस्परविरुद्ध निष्कर्ष निघावेत व दोन्ही आपापल्या परिस्थितीत खरे असावेत, असा प्रसंग पुढे मॉर्फीन व रक्तवाहिनीजनन यांच्या बाबतीत पुन्हा आला, म्हणून हा इतिहास येथे थोड्या विस्ताराने दिला आहे. याच विद्यालयाच्या रूपाबाई फर्दुनजी या शुद्धिहरणतज्ञ म्हणून काम करणाऱ्या जगातील पहिल्या स्त्रियांपैकी होत.

कायदा व टंचाई : १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९८२ च्या १६ ऑगस्टला उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. तीनच वर्षांनी, नोव्हेंबर १९८५ मध्ये, अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांसंबंधीचा केंद्रीय कायदा अंमलात आला. चोरट्या व्यापाराला आळा घालणे हा त्याचा हेतू होता. पण किमान दहा वर्षांच्या शिक्षेची तरतूद आणि राज्याराज्यांतील निरनिराळे परवाने यांमुळे औषधविक्रेत्यांनी व रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर पुढील बारा वर्षांत सु. ९७ टक्क्यांनी घटला व १९९७ मध्ये तो केवळ १८ किग्रॅ. इतका राहिला. नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत याच काळात अफू सुकविली जात होती व तिची निर्यातही होत होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी पायरीपायरीने औषधे द्यावीत व शेवटच्या पायरीवर तोंडाने मॉर्फीन द्यावे, अशी पद्धत सांगितली. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना आश्रम हे असाध्य कर्करोग्यांसाठीचे देशातील पहिले शुश्रूषालय सुरू झाले. म्हणजे औषध कसे द्यावे हे ठरले त्याच सुमारास ते मिळेनासे झाले. २०१४ मधील दुरुस्तीने मॉर्फीन, फेंटानिल, मेथॅडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही आवश्यक अंमली औषधे ठरविण्यात येऊन देशभर एकच नियमावली व मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची पद्धत आली. आदेश निघाल्याने सवयी मात्र लगेच बदलत नाहीत. एका संपूर्ण पिढीच्या डॉक्टरांनी मॉर्फीन स्वतःच्या हाताने दिलेच नव्हते.

या टंचाईच्या काळातच ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात किल्लारी परिसराला भूकंपाचा धक्का बसला. दगड-मातीच्या जाड भिंती व त्यांवरील माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. सु. आठ ते दहा हजार लोक मृत्यू पावले व हजारो जखमी झाले. चिरडलेल्या अवयवांच्या जखमांवर उपचार करताना शल्यचिकित्सक ज्याची वाट पाहतो ते कणमय ऊतक (जखमेच्या तळाशी उगवणारे लालसर, दाणेदार मांस) म्हणजे वस्तुतः नव्या केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. ते आल्यावरच वर त्वचारोपण टिकते. ज्या औषधाने अशा रोग्याची वेदना थांबवावयाची, ते औषध हे जाळे उगवू देते की खुंटविते हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रयोगशाळेतला नाही. आपत्तीच्या वेळी अंमली वेदनाशामके सीमापार तातडीने पाठविता यावीत, यासाठीची आदर्श मार्गदर्शक तत्त्वे जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केली.

रक्तवाहिनीजननाची संकल्पना : अमेरिकन शल्यचिकित्सक जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये असे प्रतिपादन केले की, अर्बुद (गाठ) टाचणीच्या डोक्यापेक्षा फारसे मोठे व्हावयाचे असेल, तर त्याला स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घ्याव्या लागतात, या वाहिन्या रोखल्या तर अर्बुद उपाशी राहील. या कल्पनेची आरंभी बरीच उपेक्षा झाली. हॅरल्ड ड्वोरॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अर्बुदांतून स्रवणारे व वाहिन्या पाझरू देणारे एक प्रथिन वर्णिले. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी वेगळे केलेले, अंतःस्तर कोशिकांची वाढ घडविणारे प्रथिन तेच असल्याचे निष्पन्न झाले. त्याला ‘वाहिनी-अंतःस्तर वृद्धी घटक’ (व्हीईजीएफ) असे म्हणतात. ऊतकाला ऑक्सिजन कमी पडू लागला की कोशिका हा घटक अधिक बनवितात. त्याला निष्प्रभ करणारे बेव्हॅसिझुमॅब हे प्रतिपिंड (विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे प्रथिन) २००४ मध्ये अमेरिकेत कर्करोगावर मान्य झाले.

दुसरीकडे १९७३ मध्ये कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत अफूजन्य द्रव्ये बांधून घेणारे ग्राही दाखवून दिले. १९७५ मध्ये जॉन ह्यूझ व हान्स कॉस्टरलिट्स यांनी शरीर स्वतःच तयार करीत असलेली एन्केफॅलिने शोधून काढली. हे ग्राही केवळ तंत्रिका तंत्रात (मज्जासंस्थेत) नसून प्रतिरक्षा कोशिकांवर व रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरावरही असल्याचे पुढे दिसून आले. तेव्हा दोन स्वतंत्र संशोधनप्रवाह एकमेकांना येऊन मिळाले.

परस्परविरोधी प्रयोग : अंड्यातील कोंबडीच्या गर्भाभोवती रक्तवाहिन्यांनी भरलेले एक पातळ पटल असते. कवचाला खिडकी पाडून त्यावर एखादे द्रव्य ठेवले की वाहिन्या वाढतात की कमी होतात, हे उघड्या डोळ्यांनी मोजता येते. या पद्धतीने २००० साली पेनसिल्व्हेनियातील संशोधकांनी दाखविले की, मेट-एन्केफॅलीन हे शरीरातील अफूसदृश द्रव्य नव्या वाहिन्यांची वाढ रोखते. पाठोपाठ मिनेसोटा विद्यापीठातून दोन निष्कर्ष आले. तेथील सबिता रॉय यांच्या गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केले की, ऑक्सिजनच्या अभावी हृदयाच्या व अंतःस्तराच्या कोशिकांत जे व्हीईजीएफ वाढते, ते मॉर्फीनमुळे वाढत नाही. २००२ मध्ये त्याच विद्यापीठातील कल्पना गुप्ता, रॉबर्ट हेबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके उलट प्रसिद्ध केले. रोग्यांच्या रक्तात असते तेवढ्याच प्रमाणातील मॉर्फीनने मानवी अंतःस्तर कोशिकांची वाढ झाली, त्यांचा मृत्यू टळला आणि मानवी स्तनकर्करोगाच्या कोशिका टोचलेल्या उंदरांत अर्बुदाच्या वाहिन्या व आकार ही दोन्ही वाढली. एका विद्यापीठातून एका वर्षाच्या अंतराने असे दोन निष्कर्ष यावेत, ही विज्ञानाच्या दृष्टीने नामुष्की नसून नशिबाची गोष्ट म्हटली पाहिजे. कारण त्यामुळे प्रश्न झाकला गेला नाही.

२००६ मध्ये शिकागो येथील पॅट्रिक सिंगलटन, जॉनाथन मॉस व इतरांनी यंत्रणेवर प्रकाश टाकला. अंतःस्तर कोशिकेवरील म्यू-ग्राहीला मॉर्फीन चिकटले की, व्हीईजीएफ नसतानाही व्हीईजीएफचा ग्राही आतून जागा होतो. मेथिलनालट्रेक्सोन हे मॉर्फीनविरोधी द्रव्य दिल्यास ही जागृती होत नाही. हे द्रव्य मेंदूत सहसा शिरत नाही व त्यामुळे मॉर्फीनचा वेदनाशामक गुण शाबूत राहतो. उलटपक्षी रॉय यांच्याच गटाने २०१० मध्ये उंदरांतील फुप्फुसकर्करोगात मॉर्फीनने अर्बुदाच्या वाहिन्या कमी होतात असे दाखविले. ऑक्सिजनच्या अभावाची वर्दी देणाऱ्या प्रथिनाचे कार्य मॉर्फीनमुळे अडते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

जखमांबाबतही हीच स्थिती आढळते. गुप्ता यांच्या गटाने २००५ मध्ये उंदराच्या जातीच्या मोठ्या प्राण्यांत (घुशीएवढ्या प्रयोगशाळेतील उंदरांत) रक्तपुरवठा तोडलेल्या जखमांवर मॉर्फीन व फेंटानिल यांचा लेप लावला, तेव्हा त्या लवकर भरल्या व त्यांत वाहिन्या अधिक आल्या. इतर प्रयोगशाळांत साध्या जखमांवर मॉर्फीन लावले असता त्या उशिरा भरल्या. दीर्घ काळ मॉर्फीन दिलेल्या प्राण्यांत जखमेकडे धावून येणाऱ्या प्रतिरक्षा कोशिकांची संख्या घटल्याचेही २०१० मध्ये दिसले. या कोशिका वाहिन्यांच्या वाढीला लागणारे घटक बरोबर आणतात. त्यामुळे त्या कमी आल्या की वाहिन्याही कमी येतात.

या निष्कर्षांचा मेळ घालता येतो तो बहुतांशी परिस्थितीच्या भेदाने. ऑक्सिजन पुरेसा असताना मॉर्फीन अंतःस्तर कोशिकेला सरळ उत्तेजन देते. ऑक्सिजन कमी असताना, म्हणजे ज्या वेळी शरीर स्वतःच वाहिन्या वाढवू पाहते त्या वेळी, ते ही हाक दाबते. मात्रा किती, औषध किती दिवस दिले, त्वचेवर लावले की रक्तात दिले यांनीही फरक पडतो. मात्र रक्तपुरवठा तोडलेल्या जखमेत वाहिन्या वाढाव्यात हे या चौकटीत सहजी बसत नाही, हे मान्य केले पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘मॉर्फीन वाहिन्या वाढविते’ किंवा ‘मॉर्फीन वाहिन्या रोखते’ यांपैकी कोणतेही एक विधान पाठ्यपुस्तकात लिहिण्याजोगे नाही.

सिकलसेल व किनवट-माहूर : नांदेड जिल्ह्याच्या ईशान्येकडील किनवट हा भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. तेथे व माहूर परिसरात गोंड, परधान, कोलाम व आंध या जमातींची वस्ती आहे. मध्य भारतातील सिकलसेल-पट्ट्याची ही नैर्ऋत्य किनार असून महाराष्ट्र शासनाच्या सिकलसेल नियंत्रण कार्यक्रमात नांदेड जिल्ह्याचा समावेश आहे. या आनुवंशिक विकारात हीमोग्लोबिनाच्या एका साखळीतील एक ॲमिनो अम्ल बदललेले असते. ऑक्सिजन कमी झाला की तांबड्या कोशिका विळ्यासारख्या वाकतात व बारीक वाहिन्यांत अडकतात. भारतात हा विकार प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आढळला. १९५८ मध्ये नागपूर येथील आर. एन. शुक्ला व बी. आर. सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याच्या प्रसाराकडे लक्ष वेधले. हाडांत व सांध्यांत एकाएकी उठणारी असह्य कळ हे त्याचे मुख्य लक्षण आहे. ती कळ संधिवाताची समजून रोगी वर्षानुवर्षे चुकीच्या औषधांवर राहण्याचे प्रकार घडतात.

गुप्ता व हेबेल यांच्या संशोधनाचे मूळ याच विकारात आहे, हे सहसा सांगितले जात नाही. सिकलसेलच्या रोग्यांना वारंवार मॉर्फीन द्यावे लागते व त्यांचे अंतःस्तर आधीच दुखावलेले असते; म्हणून मॉर्फीन त्या अस्तराचे काय करते, असा प्रश्न त्यांनी विचारला. हा विकार रक्तवाहिनीजननाशी थेट निगडित आहे. डोळ्यातील जालपटलाच्या कडेच्या वाहिन्या बुजल्या की तेथे समुद्रपंख्याच्या आकाराच्या नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात व त्यांतून रक्तस्राव होऊन दृष्टी जाते. मॉर्टन गोल्डबर्ग यांनी या विकृतीच्या अवस्थांचे वर्गीकरण केले ते १९७१ मध्ये, म्हणजे फोकमन यांच्या निबंधाच्याच वर्षी. सिकलसेल असलेल्या उंदरांत दीर्घ काळ मॉर्फीन दिल्याने मूत्रपिंडाची हानी वाढते, असे गुप्ता यांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. भारतीय रोग्यांत गर्भस्थ प्रकारचे हीमोग्लोबिन बहुधा अधिक राहत असल्याने विकार काहीसा सौम्य असतो असा समज आहे. परंतु विदर्भातील व त्याला लागून असलेल्या भागातील रोग्यांच्या वेदना पाहता त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

यातून मॉर्फीन टाळावे असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. कळ आलेल्या मुलाला वेदनाशामक नाकारणे ही निश्चित हानी आहे, तर उंदरांत दिसलेला परिणाम ही केवळ शक्यता आहे. कळा मुळातच कमी याव्यात यासाठी हायड्रॉक्सियूरिया नियमितपणे देणे आणि डोळे व मूत्रपिंड ठरावीक काळाने तपासणे हा या ज्ञानाचा व्यवहारातील उपयोग होय. २०२३ च्या १ जुलैला मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी अभिप्रेत आहे. दरम्यान एप्रिल २०१८ पासून ट्रामाडॉलही १९८५ च्या कायद्याखाली आल्याने छोट्या रुग्णालयांच्या हाती राहिलेले एक सोपे औषधही कागदपत्रांत अडकले.

कर्करोग : मराठवाड्यातील कर्करोगाचा ग्रामीण चेहरा प्रथम मोजला गेला तो शेजारच्या बार्शी येथे. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांसाठी १९८७ मध्ये सुरू झालेली कर्करोग-नोंदणी ही देशातील पहिली ग्रामीण नोंदणी होय. उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत अभ्यास झाला. त्यासाठी जिल्ह्यातील खेड्यांचे ५२ गट पाडण्यात आले होते. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय यांचा त्यात मोठा वाटा होता. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या एकाच चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू सु. निम्म्यावर येतात, असे २००९ मध्ये त्यातून सिद्ध झाले. लवकर निदान न झालेल्या स्त्रियांच्या वाट्याला मात्र शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि अखेरीस मॉर्फीन येते. त्यांतील बहुतेकींना जवळच्या केंद्रात जागा न मिळाल्यास किनवटवरून जाणाऱ्या नंदिग्राम एक्सप्रेसने किंवा लातूर-मुंबई गाडीने परळ गाठावे लागते.

अशा रोग्यांच्या बाबतीत प्रयोगशाळेतील निष्कर्षांनी मोठी चिंता निर्माण केली. शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या मॉर्फीनमुळे मागे राहिलेल्या कर्करोग-कोशिकांना वाहिन्या मिळून रोग उलटेल काय? स्तनकर्करोगाच्या जुन्या नोंदी चाळून २००६ मध्ये असे सुचविण्यात आले की, कण्याजवळच्या तंत्रिका बधिर करून, म्हणजे मॉर्फीन कमी वापरून, केलेल्या शस्त्रक्रियांनंतर रोग कमी उलटतो. २०१२ मध्ये २,०३९ स्त्रियांच्या अभ्यासात, ज्यांचा म्यू-ग्राही आनुवंशिक भेदामुळे मॉर्फीनला कमी प्रतिसाद देतो, त्यांच्यात स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू कमी दिसले. जुन्या नोंदींवरील अनुमान व चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी यांत मोठे अंतर असते. डॅनियल सेसलर यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांत २,१३२ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. तंत्रिका बधिर करण्याची पद्धत आणि मॉर्फीनवर्गीय औषधांसह नेहमीचे शुद्धिहरण यांत रोग उलटण्याचे प्रमाण दोन्हीकडे १० टक्के होते.

मुंबईतील टाटा स्मारक केंद्राचे राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. स्तनातील गाठ काढण्यापूर्वी ७ ते १० मिनिटे गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेनाचे इंजेक्शन द्यावयाचे, एवढाच त्यांचा बदल होता. देशातील ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के, तर न दिलेल्या गटात ८६.४ टक्के होते. रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८६.६ व ८२.६ टक्के होते. लिग्नोकेन हे स्थानिक संवेदनाहारक अत्यंत स्वस्त असून ते तालुक्याच्या रुग्णालयातही असते. ते अफूजन्य नाही व त्याची क्रिया कोशिकेच्या भित्तीतील सोडियम-मार्गांवर होते. त्यामुळे या चाचणीवरून मॉर्फीनच्या दोषाचा पुरावा मिळतो असे समजणाऱ्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत.

शस्त्रक्रियेपुरते मॉर्फीन घेणारी स्त्री आणि शेवटचे महिने मॉर्फीनवर काढणारी स्त्री यांच्यात भेद करणेही आवश्यक आहे. पहिलीच्या बाबतीत काही दिवसांचे औषध व रोग उलटण्याची पुढील वर्षे यांचा हिशेब मांडता येतो, आणि उपलब्ध चाचण्या तिला धीर देणाऱ्या आहेत. दुसरीच्या बाबतीत वाहिन्यांचा प्रश्न उपस्थित करणे निरर्थक आहे. तिला झोप मिळते की नाही, एवढेच पाहावयाचे असते. ‘मॉर्फीनने गाठ वाढते’ हा अर्धवट ऐकलेला निष्कर्ष आता नातेवाइकांच्या तोंडी येऊ लागला आहे आणि व्यसनाच्या जुन्या भीतीत त्याने भर घातली आहे.

मेथिलनालट्रेक्सोन अमेरिकेत २००८ मध्ये मान्य झाले ते मॉर्फीनमुळे होणाऱ्या मलावरोधावर. ते घेतलेल्या प्रगत कर्करोगाच्या रोग्यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या असता, ज्यांना त्याचा गुण आला ते काहीसे अधिक काळ जगले असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या आतड्याला गुण आला ते मुळातच कमी आजारी असण्याची शक्यता लक्षात घेता, कर्करोगाच्या वाहिन्या रोखणारे औषध म्हणून त्याचा उपयोग करण्यापूर्वी चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी व्हावयास हवी.